बारा-दहाचा दांडा

ड्रायव्हरच्या डाव्या हाताशी तो उभा असतो. कमरेत किंचित वाकलेला, अंगावरचा काळा रंग मधोमध उडालेला, कारण जाता-येता क्लीनरचा गुडघा आणि पाण्याचा कॅन तिथेच घासतो. डोक्यावर पारदर्शक गोळा आणि त्यात कायमचं फुललेलं लाल प्लास्टिकचं फूल. कंपनीने दिलेला गोळा वेगळा होता, त्यावर गिअरांचे आकडे होते. तो कधीच गेला आणि कुणाचं काही अडलं नाही. आकडे वाचून गिअर टाकणाऱ्याला या सीटवर बसवतं कोण? गळ्यात काळा दोरा, दोऱ्याला लोकरीचा गोंडा. पायाशी रबराचा घेर, तो फाटलेला. त्या फटीतून गिअर ऑइलचा वास, रस्त्याची धूळ आणि मे महिन्यात नको इतकी ऊब वर येते.

इंजिन सुरू झालं की तो थरथरायला लागतो. न्यूट्रलला असताना मोकळा डुलतो, गोंडा नाचवतो. गिअरात गेला की अंग आवळून धरतो. रात्री दिवा न लावता नुसता तळवा टेकवून मामाला कळायचं की गाडी कितव्यात आहे. मामा म्हणजे माझा मामा. कराडचा, आणि बारा-दहाचा मालक-ड्रायव्हर. बारा-दहा म्हणजे टाटा १२१०. ट्रकवाले गाडीला नंबरानेच ओळखतात. टाटांच्या टेल्को कंपनीने १९५४ साली डेमलर-बेंझ या जर्मन कंपनीशी हातमिळवणी करून जमशेदपुरात ट्रक बांधायला सुरुवात केली. तो करार १९६९ साली संपला, जाळीवरचा तीन टोकांचा तारा गेला, पण जुने ड्रायव्हर पुढे कितीतरी वर्षं गाडीला ‘मर्सिडीज’च म्हणत राहिले. बारा-दहा त्याच घराण्यातली. सहा सिलिंडरचं इंजिन, त्याचा निम्मा उंचवटा केबिनमध्ये घुसलेला, आणि त्याला लागून हा दांडा.

त्याच्याशी गाठ सगळ्यांची पडते, पण स्वभाव कळतो तो गिअर खाली घेताना. वर जाताना तो भला माणूस असतो. दुसऱ्यातून तिसरा, तिसऱ्यातून चौथा: क्लच दाबला, दांडा मधे आणून क्षणभर थांबलं की इंजिनाचे फेरे आपोआप उतरतात आणि पुढचा गिअर अलगद बसतो. तिथे थोडा धीर पुरतो. गिअर खाली घ्यायचा म्हटलं की हाच दांडा वेगळा वागतो. दात विचकतो, हाताला झटका देतो, कधी सरळ बाहेर फेकतो. नवशिका बिचकून आणखी जोर लावतो. मग जो आवाज होतो तो महाराष्ट्रातल्या प्रत्येकाने एसटीत बसून घाटात कधी ना कधी ऐकलेला आहे. पायाखालून पत्रा फाडत नेल्याचा तो आवाज आला की झोपलेले प्रवासी जागे होतात, आणि ड्रायव्हर आरशात न बघता समोरच बघत राहतो.

मामा त्याला कधी वाईट बोलला नाही. बोलायचा ते मलाच. “आरं, जोर कशाला करतूस? त्यो काय तुझा नोकर हाय का? त्याला इचार आधी.”

विचारायचं म्हणजे काय, ते पेटी उघडी पडल्याशिवाय मला कळलं नाही. कराडला मिस्त्रीच्या शेडमध्ये ती पेटी खाली काढून ठेवली होती. बिडाच्या कवचात दोन दांड्यांवर दातेरी चाकांच्या जोड्या, आणि त्या जोड्या सदासर्वकाळ एकमेकींत गुंतलेल्या. मला वाटायचं, गिअर बदलताना चाकं सरकून एकमेकींना भिडत असतील. अगदी सुरुवातीच्या मोटारींत तसंच होतं. या पेटीत तसं नव्हतं. मुख्य दांड्यावरची चाकं नुसती फिरत असतात, आणि वरचा दांडा हलवला की आत एक दाते असलेली कडी सरकून त्यातल्या एका चाकाला दांड्याशी जखडते. सगळा तंटा त्या कडीचा. कडीचा वेग ठरवतात गाडीची चाकं. समोरच्या गिअरचा वेग ठरवतं इंजिन. दोघांचे फेरे सारखे असतील तर कडी आत सरकते, नसतील तर दात दातावर आपटतात. चालत्या एसटीत चढणारा माणूस आधी तिच्या बरोबरीने धावतो, मग दांडी पकडतो. उभ्या पायाने पकडली तर खांदा निखळतो. इथेही तेच.

आता खाली घेताना अडचण कुठे येते? पाच गिअरच्या एखाद्या पेटीत चौथ्याचं प्रमाण १.५ आणि तिसऱ्याचं २.४ धरू. गाडी चौथ्यात आहे, इंजिन मिनिटाला १,४०० फेरे घेतंय. त्याच वेगाला तिसऱ्यात बसायचं तर इंजिनाला २,२४० फेरे हवेत. म्हणजे गिअर खाली जायचा, पण इंजिन आधी वर न्यायचं. इंजिन स्वतःहून वर जात नाही, ते पायाने न्यावं लागतं. शिवाय चढावर तेवढ्या वेळात गाडी हळू होत असते, त्यामुळे गाठायचा आकडाही खाली घसरत असतो. दोन हलत्या गोष्टी एका क्षणी एका ओळीत आणायच्या, तेही मीटरकडे न बघता. बघायचं म्हटलं तरी मामाच्या गाडीतल्या मीटरचा काटा कित्येक वर्षं एकाच जागी पडून होता.

यावरचा उपाय म्हणजे डबल क्लच. क्लच दाबायचा, दांडा न्यूट्रलला आणायचा, क्लच सोडायचा. आता इंजिन आणि पेटीतला आतला दांडा जोडलेले आहेत, पण चाकांशी त्यांचा संबंध नाही. या उघड्या क्षणात रेसवर एक टाच मारायची. इंजिन गुरगुरत वर जातं आणि आतल्या चाकांनाही वर नेतं. पुन्हा क्लच, दांडा खालच्या गिअरात, क्लच सोडला. वाचायला लागतो त्याच्या निम्म्याहून कमी वेळ. नवशिक्याचं नेमकं काय चुकतं, तर तो मधला क्लच सोडत नाही. क्लच दाबलेला असताना कितीही रेस मारली तरी ती इंजिनापाशीच राहते. पेटीला त्याचा पत्ताच नसतो. मग तो म्हणतो, “रेस तर मारली की!” आणि दांडा पुन्हा दात विचकतो.

हे सगळं टळावं म्हणून सिंक्रो आला. अमेरिकेत कॅडिलॅक मोटारीत तो १९२८ साली बसवला गेला. दात भिडण्याआधी एक निमुळती पितळी कडी घासून दोन्ही वेग जुळवते, आणि माणसाला फक्त दांडा हलवायचं काम उरतं. आता हलक्या मोटारीपासून जड ट्रकपर्यंत बहुतेक ठिकाणी हा मध्यस्थ असतो. मामाच्या पेटीतल्या अशा पितळी कड्या झिजून गुळगुळीत झालेल्या. मिस्त्रीने ऑइलचा बोल्ट खोलून तेल जुन्या थाळीत सोडलं तेव्हा काळ्या तेलात सोनेरी कीस तरंगत होता. बोटावर घेऊन त्याने मला दाखवला. बोटाच्या रेषांत तो चमकत बसला, पुसला तरी जाईना. “ह्यो तुमचा सिंक्रो,” तो म्हणाला, आणि कड्या बदलायच्या का विचारलं. मामाने किंमत ऐकली आणि नको म्हणाला. माझ्या मते पैशाचं कारण निम्मंच होतं. ज्या दांड्याशी त्याची वर्षानुवर्षांची बोली ठरलेली होती, त्याच्या आणि आपल्या मधे त्याला तिसरा कोणी नको होता.

जोर हा या दांड्याच्या बाबतीत अगदी निकामी गुण आहे. तालमीत घुमलेल्या पोरांना मी त्याच्याशी झटताना पाहिलंय. दंड फुगवून ढकलतात, आणि तो त्यांना तेवढ्याच जोराने मागे लोटतो. उलट मामाच्या हातात तो तीन बोटांत फिरायचा. मूठ कधी वळायचीच नाही. तळव्याच्या खळग्यात गोळा ठेवून तो दांडा गिअरच्या तोंडाशी नुसता टेकवून धरायचा, रेस मारायचा आणि वाट बघायचा. वेग जुळला की दांडा आपणहून आत जायचा. बघणाऱ्याला वाटायचं, कुणीतरी खालून ओढून घेतला. जुने काही ड्रायव्हर तर क्लचला पायही न लावता हे करतात. मामाला ते येत होतं, पण भरलेल्या गाडीवर तसली फुशारकी त्याला आवडत नसे.

मला शिकवलं ते रिकाम्या गाडीवर नाही. रिकाम्या गाडीत दांडा सगळंच माफ करतो, गाडी हलकी असते, वेग पडत नाही, चुकलं तर पुन्हा घ्यायला वेळ असतो. खरी ओळख कुंभार्ली घाटात, जांभ्या चिऱ्याने भरलेल्या गाडीवर.

चिपळूणहून कराडकडे निघालं की पोफळी सोडल्यावर घाट अंगावर येतो. चिऱ्याची गाडी तिथपर्यंत चौथ्यात मजेत येते. पहिली चढण सुरू होते, आणि इंजिनाचा आवाज भरून येतो. जाड होतो. अजून काही बिघडलेलं नाही, गाडी ओढतेय, म्हणून नवशिका तसाच दाबून बसतो. इथेच मामाचा हात माझ्या कोपरावर यायचा. “घे. आत्ता घे. दमल्यावर घेतलास तर काय घेतलास?” सगळी मेख यातच होती. गाडी दमल्यावर खालचा गिअर घ्यायला गेलं की वेग फार पडलेला असतो, न्यूट्रलमधल्या त्या एका क्षणात तो आणखी पडतो, आणि तिसऱ्यासाठी मारलेली रेस आता जास्त होते. दांडा नकार देतो. म्हणून दुसरा घ्यायला जावं तर गाडी थांबत आलेली. मग हँडब्रेक, क्लीनरची उडी, मागच्या चाकाला ठोकळा, आणि पहिल्यात घालून, जळक्या क्लचप्लेटच्या वासात, इंच इंच निघणं. मागे एसटी उभी असतेच. तिचा ड्रायव्हर हॉर्न वाजवत नाही. त्याला माहीत असतं.

म्हणून मी आवाज ऐकायला शिकलो, आणि त्याहून जास्त रस्ता बघायला. हेअरपिन वळण दिसलं की गिअर वळणाच्या आधी घ्यायचा, वळणात नाही. वळणात दोन्ही हात स्टेअरिंगला लागतात. जुन्या बारा-दहाला पॉवर स्टेअरिंग कुठलं? समोरून खाली येणारी गाडी असेल तर ती कुठे थांबेल याचा अंदाज घ्यायचा. चढत्या गाडीला वाट द्यायची हा नियम आहे, पण नियम पाळला जाईल यावर भरलेली गाडी सोडता येत नाही. हे सगळं मनात जुळलं की पायाची टाच आणि डावा हात आपोआप हलतात. एका वळणावर, कोयनेच्या बाजूला बरंच वर आल्यावर, तिसऱ्यातून दुसरा घेताना दांडा काहीही न बोलता आत गेला. ना झटका, ना आवाज. फक्त इंजिनाचा सूर एका पायरीने वर चढला आणि गाडी तशीच चालत राहिली. मी मामाकडे पाहिलं. तो तंबाखू मळत होता. नेमकं काय झालं ते त्याला कळलं होतं, हे त्याने मळणं थांबवलं नाही यावरूनच मला कळलं.

घाट उतरताना दांड्याचं वागणं पुन्हा बदलतं. चढावर चुकलात तर तो गाडी उभी करतो; उतारावर चुकलात तर तो तुम्हाला सोडून देतो. साखर भरलेली गाडी कराडहून खाली कोकणात नेताना मामाचा नियम एकच: ज्या गिअरात ही चढण चढली असती, त्याच गिअरात ती उतरायची, आणि तो गिअर उतार सुरू व्हायच्या आधी घ्यायचा. खालच्या गिअरात रेस सोडली की इंजिन गाडीला मागे धरून ठेवतं, ब्रेकला मधून मधूनच बोलवावं लागतं. चौथ्यात सुटलात आणि अर्ध्या उतारावर तिसरा आठवला, तर दांडा चौथ्यातून सहज बाहेर येतो, तिसऱ्यात मात्र जात नाही, कारण वेग हाताबाहेर गेलेला असतो. आता गाडी कशातच नाही. मग फक्त ब्रेक. ड्रम तापतात, लायनिंगची पकड सुटते, जळका वास येतो, आणि सारखं दाबत राहिल्याने टाकीतली हवाही उतरत जाते.

डिझेल वाचवायला उतारावर मुद्दाम न्यूट्रल करणारे तर या दांड्याला जाणूनबुजून बाजूला बसवतात. पुण्यात कात्रजच्या नव्या बोगद्यातून नवले पुलाकडे येणारा लांब उतार यासाठी बदनाम झाला आहे. तिथल्या अपघातांच्या बातम्यांत ‘ब्रेक फेल’ हे शब्द वाचले की मला आधी प्रश्न पडतो, गाडी कितव्यात होती? माझं हे मत एकांगी असेल. सगळेच ब्रेक न्यूट्रलमुळे जात नाहीत. ओव्हरलोड असतो, देखभाल नसते, चोवीस तास न झोपलेला ड्रायव्हर असतो. पण शांत उभ्या असलेल्या त्या दांड्याचं नाव पंचनाम्याच्या बातमीत क्वचितच येतं, ते मला खटकतं.

एसटीने या दांड्यांचे जेवढे नमुने पाहिले तेवढे क्वचितच कुणी पाहिले असतील. १ जून १९४८ रोजी पुणे-नगर रस्त्यावर पहिली गाडी धावली, त्या काळच्या ताफ्यात शेव्हरोलेट, बेडफर्ड, फोर्डसन अशा निरनिराळ्या परदेशी गाड्या होत्या. आज ही, उद्या ती. पेटी पेटीचा हट्ट वेगळा, आणि ड्रायव्हर तोच. त्या पिढीच्या डाव्या खांद्याला किती भाषा येत असतील!

आता दांडे आखूड होत चाललेत. काही नव्या ट्रकांत पेटी आपली आपणच गिअर बदलते. आतल्या कड्या, चाकं, दाते पूर्वीचेच, पण त्या सरकवायला हवेचा किंवा विजेचा हात, आणि रेस जुळवायला संगणक. डबल क्लचमध्ये माझी टाच जे करायची तेच तो करतो, आणि मान्य करायला हवं, सरासरी ड्रायव्हरपेक्षा बरं करतो. क्लच पेडलच नाही. विजेच्या बसमध्ये तर अशी पेटीच लागत नाही. २०२३ पासून घाट चढणारी एसटीची ई-शिवनेरी गिअर बदलल्याचा आवाज न करता वर जाते. अमेरिकेत अजून सिंक्रो नसलेल्या मोठ्या पेट्यांचे ट्रक चालतात, पण तिथेही ऑटोमॅटिक ट्रकवर परीक्षा दिली तर लायसन्सवर तशी मर्यादेची नोंद होते, आणि ती नोंद घेऊन आनंदाने फिरणारे ड्रायव्हर कमी नाहीत. मला यात रडण्यासारखं काही दिसत नाही. मामाचा डावा गुडघा क्लचने खाल्ला, ते मी पाहिलंय. चढावर रांगेत अडकलेल्या भरल्या गाडीत दिवसभर तो पाय वर-खाली करणं यात कसलंही काव्य नाही.

अलीकडे कोयनानगरजवळ एका हॉटेलावर असाच नवा ट्रक उभा होता. ड्रायव्हर तिशीचा, बोलका. मी केबिनमध्ये डोकावलो. दांड्याच्या जागी एक आखूड मूठ, पुढे-मागे हलणारी, बाजूला अधिक आणि वजा अशा दोन खुणा. गोंडा त्यालाही बांधलेला होताच. मी विचारलं, घाटात कसं वागतं हे?

“चांगलं वागतंय की. पण जरा उशिरा जागं होतंय,” तो म्हणाला. “गाडी दमली की मग गिअर खाली घेतंय. पुढं वळण हाय, हे त्याला काय दिसत न्हाई. मग वळण यायच्या आधी मीच मॅन्युअलला घेतो आणि वजा करतो.”

“कुणी शिकवलं?”

“शिकवतंय कोण? एकदा चढाला मधेच गिअर बदलाय गेलं आन् गाडी मेली. तवापासनं करतोय.” त्याने चहाचा ग्लास ठेवला, क्लीनरला हाक मारली आणि मागचे ठोकळे काढायला सांगितले. पुढे उतार होता. केबिनमध्ये चढता चढताच त्याने मूठ वजाकडे दोनदा ओढली.